दिलेले तास

मंगळवार, १८ जून २०२४

रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी एकाची दीड केली. हेमाला सांगितलं, तर तिने ही कोरी वही पुढे टाकली. म्हणाली, "अहो, जे काही ओरडायचं असेल ते ह्यात ओरडा. मला भाजी निवडू द्या." सत्तावीस वर्षांच्या संसाराचं हे फळ.

तर ओरडतो. पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची शाळेची सवय, म्हणून: यज्ञेश्वर रिसबूड, वय त्रेपन्न, सदाशिव पेठेतल्या एका जुन्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. एके काळी राज्याच्या संघातून खो-खो खेळलेला माणूस. आता काय करतो? मुलांच्या आधार कार्डावरची नावं सरकारी पोर्टलवरच्या नावांशी जुळवतो. मतदार याद्या घेऊन लोकांचे जिने चढतो. शाळेला मैदानाचा शिक्षक लागतो तो एवढ्याचसाठी, की बाकीच्यांना वर्ग असतात आणि हा मोकळा असतो.

नवीन वेळापत्रक लागलं. पाचवी ब ला आठवड्यातून तीन दिवस शेवटचा तास मैदानाचा. मैदानावर आज संस्थेच्या लोकांच्या सात गाड्या उभ्या होत्या. शिपायाला विचारलं, ह्यांतली पहिल्यांदा कोण धावणार? तो हसला नाही. ह्या शाळेत विनोद कळणारा शेवटचा माणूस गेल्या वर्षी निवृत्त झाला.

मंगळवार, २५ जून

नेत्र रुग्णालयातून एक मुलगी आली. उत्कर्षा नाव, अमरावतीची, डोळे तपासण्याचं शिकलेली. शाळकरी मुलांना लांबचं दिसेनासं कशामुळे होतं, ह्याचा तिचा अभ्यास आहे. एक वर्ग आमचा, पाचवी ब, आणि एक वाघोलीच्या कुठल्याशा नव्या शाळेचा. आता जूनमध्ये तपासायचं, मार्चमध्ये पुन्हा तपासायचं, आणि मधल्या नऊ महिन्यांत कोणत्या मुलांना नव्याने चष्मा लागला ते बघायचं. आईवडिलांना चष्मा आहे का, पोरगं किती वेळ वाचतं, मोबाइल किती वेळ, उघड्यावर किती वेळ, असे चार पानी प्रश्न पालकांना.

मी म्हटलं, "बाई, उत्तर मी आत्ता सांगतो. मोबाइल. घरी जा."

ती म्हणाली, "सर, एवढं सोपं असतं तर मी पुण्याला कशाला आली असती?"

खिशातून उजेड मोजायचं छोटं यंत्र काढलं. वर्गात धरलं, तीनशे चाळीस. मैदानावर जांभळाच्या झाडाखाली धरलं, सावलीत हं, तर अकरा हजार. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबत जातो, म्हणून लांबचं पुसट होतं. बाहेरचा लख्ख उजेड रोज मिळाला तर त्या लांबण्याला आवर बसतो, असं जगभर दिसलंय म्हणे. म्हणजे जे मी तीस वर्षं ह्या शाळेत कंठशोष करून सांगतोय, की पोरांना बाहेर सोडा, ते आता यंत्र सांगतंय. माणसाचं कोण ऐकतो?

सेहेचाळीस मुलं तपासली. सात जणांना चष्मा आधीचा. एक स्वराली म्हणून आहे, बिबवेवाडीहून येते, तिचा नंबर आजच निघाला, मायनस अर्धा. तिला धरून आठ.

उद्याचा शेवटचा तास गणिताच्या घैसासला दिला. पाचवीला शिष्यवृत्तीची परीक्षा असते, ती फेब्रुवारीत. जूनपासून धावपळ. अनंत घैसास हा माणूस तास मागायला येतो तो उभ्याने, बसत नाही, आणि "देताय ना?" असं विचारतो, जणू मी त्याचा देणेकरी. असा राग आला! दिला.

शनिवार, २९ जून

महिनाअखेर, म्हणून मैदान तासिकेची नोंदवही भरून टाकली. तारीख, वर्ग, हजर संख्या, घेतलेला उपक्रम, सही. माझ्या नोंदवहीचं नाव आहे. मागच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ती दुसऱ्या शाळांना दाखवायला नेली होती. लोकांना वाटतं हे सोपं काम आहे. लागोपाठ दोन दिवस लंगडी लिहून चालत नाही, पावसाच्या दिवशी रिले लिहिली की पकडले जाता. ती अक्कल लागते. बाकीच्या शिक्षकांच्या नोंदवह्या बघवत नाहीत, सगळीकडे "मुक्त खेळ". अरे, थोडी तरी लाज?

गुरुवार, ८ ऑगस्ट

उत्कर्षाने पाचवी ब च्या मुलांना मनगटावर पट्टे दिले, घड्याळासारखे. प्रत्येक मिनिटाला भोवतीचा उजेड टिपतात. एकदम शहाणी मुलगी. मी म्हटलं, हे असले पट्टे संस्थेच्या चिटणीसांना बांधा, दिवसभर कुठे असतात ते तरी कळेल.

घैसास दारात उभा दिसला. तो तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "घ्या उद्याचा तास." निदान त्याचा तो "देताय ना" तरी ऐकावा लागला नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट

आज संताप संताप झाला.

उत्कर्षाने पहिल्या आठवड्याचे आकडे बघितले आणि मला गाठलं. "सर, सोमवार, बुधवार, शुक्रवार शेवटच्या तासाला मुलं मैदानावर असतात ना? पट्ट्यांवर त्या वेळी उजेडच नाही दिसत. तीनशेच."

मी म्हटलं, "पावसाळा आहे. रेनकोटच्या लांब बाह्या असतात. पट्टा झाकला जातो."

ती "हो का" म्हणाली आणि लिहून घेतलं. त्या "हो का" मध्ये काय होतं ते मला कळत नाही असं तिला वाटलं की काय? कालची पोरगी मला मैदान शिकवणार! ह्या शाळेच्या मैदानावर मी दोन खो-खोपटू घडवलेत, एक रेल्वेत लागला. माझ्या तासाचा हिशेब मी यंत्राला देऊ?

वर तिने एक घोळ घालून ठेवला. पालकांना माहिती असावी म्हणून प्रत्येक मुलाचा आठवड्याचा आकडा, म्हणजे रोज सरासरी किती मिनिटं लख्ख उजेडात, तो चिठ्ठीवर लिहून घरी पाठवला. मी तिला म्हटलं, "तुम्ही अमरावतीच्या, तुम्हाला पुण्याचे पालक माहीत नाहीत." तिला वाटलं मी गंमत करतोय.

बुधवार, २८ ऑगस्ट

व्हायचं तेच झालं. पाचवी ब च्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आकड्यांची गुणवत्ता यादी लागली. राजसला एकाहत्तर, आमच्या हिला चाळीसच, काय करू, कुठला क्लास लावू? हे गुण नाहीत हो, हे फक्त मोजमाप आहे, असं उत्कर्षाने तीनदा लिहिलं. कोण वाचतो! मुलाच्या नावापुढे आकडा दिसला की तो वाढवायचा, एवढंच ह्या लोकांना समजतं.

राजसच्या आईने पट्टा बाल्कनीच्या गजाला बांधून ठेवला. दुसऱ्या एकीने तुळशीच्या कुंडीला. एका वडिलांनी स्कूटरच्या हँडलला बांधून लेकाचा पट्टा ऑफिसला फिरवून आणला. उत्कर्षा कागद घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली, रडवेली. सोमवारी साडेअकरा वाजता राजसच्या पट्ट्यावर चाळीस हजार. घैसास वहीतून मान वर न करता म्हणाला, "साडेअकराला राजस माझ्यासमोर बसून अपूर्णांक चुकवत होता."

मला तिची दया आली, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्यांचं असंच व्हायला हवं. तिच्या वरिष्ठांनी सांगितलं, पट्ट्यांचे आकडे आता धरायचे नाहीत. मला आज रात्री गोळी न घेताही झोप लागेल, पण हेमा समोर उभी राहून गोळी गिळायला लावते.

सोमवार, २३ सप्टेंबर

पट्टे बाद, म्हणून आता मुलं शाळेत उघड्यावर किती वेळ असतात ते शाळेच्या नोंदीवरून घेणार. मुख्याध्यापिका नीरजाबाईंनी माझी नोंदवही उत्कर्षाच्या हातात दिली. तिने एकेका पानाचा फोटो काढला. म्हणाली, "सर, एवढी नीट नोंद मी कुठेच नाही पाहिली. वाघोलीच्या शाळेत तर पानंच्या पानं कोरी आहेत."

म्हटलं, "नव्या शाळा. त्यांना काय, कृत्रिम गवत टाकलं की झालं."

चहा पाजला तिला. गुणी पोरगी आहे. खोलीवर एकटी राहते, डबा खाते, डब्यातल्या गोड आमटीने जीव मेटाकुटीला आलाय म्हणाली. आमटीत गूळ नको तर काय वीट घालायची? पण बोललो नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

तीन दिवस निवडणुकीच्या कामावर. लाकडी बाकावर झोपलो, शाई लावली, शिव्या खाल्ल्या. एक आजोबा म्हणाले, "मास्तर, मुलांना कोण शिकवतंय मग?" मी म्हटलं, "लोकशाही."

परत आलो तर पाचवी ब चा तास घैसासने परस्पर घेतला होता. विचारायची पद्धत असते की नाही? मी जागेवर नव्हतो म्हणून काय झालं! तासभर धुमसत बसलो. मैदान नावाची वस्तू शाळेतून हळूहळू पुसून टाकताहेत हे लोक, आणि त्याविरुद्ध बोलणारा मी एकटा.

बुधवार, ११ डिसेंबर

आज तास घ्यायचा असं ठरवूनच गेलो होतो. खोलीतून चेंडू काढले, सगळे बसलेले. पंप सापडेना. गुडघाही दुखत होता. वर्गापाशी गेलो तर पोरं आधीच गणिताची वही काढून बसलेली. मी दारात उभा. एकाने विचारलं, "सर, नोटीस आहे का?" म्हटलं, नाही. घैसास मागून आला, त्याला वाटलं मी तास द्यायला आलोय. "आभारी आहे," म्हणाला. हा माणूस आभारसुद्धा पावती फाडल्यासारखे मानतो.

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

काल शिष्यवृत्तीची परीक्षा झाली. सुटलो. आता तरी तास मोकळे राहतील म्हटलं, तर नीरजाबाईंनी पाचवी ब चा तास वार्षिक तपासणीच्या कागदपत्रांसाठी मोकळा ठेवायला सांगितला. मुलं काय करणार? "घैसासांकडे द्या, वाचत बसतील वर्गात," म्हणाल्या. वाचत बसतील! डोळे फुटेस्तोवर वाचा!

गुरुवार, ६ मार्च

पुन्हा तपासणी झाली, आकडे आले. उत्कर्षा ते घेऊन माझ्याकडेच आली, क्रीडा खोलीत.

आमची पाचवी ब: जूनमध्ये चष्मे आठ, आता पंधरा. वाघोली: आधी सात, आता आठ. दोन्हीकडे मुलं जवळजवळ सारखीच. आईवडिलांचे चष्मे सारखे, मोबाइल सारखा. आणि मैदानाचे तास, नोंदीप्रमाणे, आमचे थोडे जास्तच.

"स्वरालीचं बघा," ती म्हणाली. "मायनस अर्ध्याचा पावणेदोन झाला. नऊ महिन्यांत. मी तीनदा मोजून पाहिलं." मग म्हणाली, "सर, सगळीकडे मैदानाचा फायदा दिसते आणि माझ्याकडेच नाही दिसत. मी तीन दिवसांपासून चूक शोधून राहिली. आमचे वरिष्ठ म्हणतात, दिसत नाही तर दिसत नाही, तसं लिहा. हा अभ्यास लहान आहे, पण ह्याच्यावरून पुढचा मोठा ठरणार आहे, बावीस शाळांचा. त्यातून मैदानाचा प्रश्नच काढून टाकायचा म्हणतात."

मी तिच्यावर ओरडलो. तुमचं विज्ञानच थोतांड, म्हटलं. वाघोलीची पोरं श्रीमंत, तुमचं मोजमाप चुकलं, तुमचे डोळ्यांत घालायचे थेंब जुने. ती ऐकून घेत होती. जाताना म्हणाली, "सर, तुम्ही एवढे चिडता म्हणजे तुम्हाला मुलांचं वाटते. बाकी कोणी विचारलंही नाही."

ती गेल्यावर चेंडूंना लाथ मारली. हवा नसलेला चेंडू जागचा हलतही नाही.

शनिवार, ८ मार्च

संस्थेची बैठक. चिटणीसांच्या हातात उत्कर्षाचा कच्चा अहवाल, नीरजाबाईंनी सौजन्य म्हणून दिलेला. चिटणीस म्हणाले, "शास्त्रीयदृष्ट्या आता सिद्धच झालंय, मैदानाचा डोळ्यांना काही उपयोग नाही. मग त्या जागेचा काहीतरी विचार करू." विचार कसला, ठरलेलं आहे. मैदानावर वाहनतळ, मैदानाच्या तासाला संगणकाचा वर्ग, आणि शारीरिक शिक्षणाचं पद अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे मी.

मी उठून बोलायला लागलो. मुलांच्या आरोग्याबद्दल असं काही बोललो की शेवटी मलाच भरून आलं. चिटणीस म्हणाले, "रिसबूड, तुमची नोंदवही वाचली. वर्षभर एवढे तास घेतलेत, तरी चष्मे दुप्पट. तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही हो. मैदानाबद्दल आहे."

टाळ्या नाही वाजवल्या कुणी, एवढंच.

रविवार, ९ मार्च

हेमाला सगळं सांगितलं. चिटणीस, घैसास, नीरजाबाई, सरकार, निवडणूक आयोग, पालक, सगळ्यांचा उद्धार केला. ती मटार सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "पण तुम्ही तास घेतलेच नाहीत ना?"

"घेऊ दिले नाहीत!"

"मग वहीत घेतले असं का लिहिलंत?"

मी म्हटलं, तसं सगळेच लिहितात, तपासणीसाठी लिहावं लागतं, त्यात काही नसतं. "बरं," म्हणाली. एवढंच. "बरं." तिच्या त्या एका शब्दावर दिवसभर फणफणत राहिलो. बाहेर पडलो, टिळक रोडवरून दोन फेऱ्या मारल्या, एकाशी सिग्नलवर भांडलो. त्याची चूक नव्हती.

घरी येऊन हे लिहितोय. खरं सांगितलं तर कारणे दाखवा नोटीस येईल, तीस वर्षांची नोकरी शेवटच्या चार वर्षांत काळवंडेल. नाही सांगितलं तर मैदान जाईल, मीही जाईन, आणि बावीस शाळांत कुणी विचारणारसुद्धा नाही की पोरं बाहेर पडतात का. आणि त्याच्या बुडाशी माझं वळणदार अक्षर.

ह्याला जबाबदार घैसास. त्याने तास मागितले नसते तर ही वेळच आली नसती. उद्या-परवा त्यालाच धरतो.

मंगळवार, ११ मार्च

घैसासला गाठलं. म्हटलं, "तुमच्यामुळे मी खड्ड्यात गेलोय. मला लेखी द्या, किती तास घेतलेत माझे."

वाटलं होतं, कानांवर हात ठेवील. त्याने कपाटातून आपली टाचणवही काढली. रोज कोणता तास, काय शिकवलं, ते लिहितो त्यात. मुंगीएवढं अक्षर. म्हणाला, "पाचवी ब, मैदानाचा तास, ह्या वर्षी शहाण्णव. त्यातले माझ्याकडे आले अठ्ठ्याऐंशी. तारखेवार आहेत. झेरॉक्स काढून घ्या."

"बघा! अठ्ठ्याऐंशी तास मागून घेतलेत तुम्ही!"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मागितले एकतीस, निवडणुकीतला परस्पर घेतलेला धरून. त्यांच्यापुढे 'मा' लिहिलंय. उरलेले सत्तावन्न तुम्ही आणून दिलेत. त्यांच्यापुढे 'आ'."

मी वही हातात घेऊन पानं उलटली. आ, आ, मा, आ, आ. निवडणुकीच्या आठवड्यात सोडलं तर त्याने कधी परस्पर घेतलेला नाही. डिसेंबरातल्या त्या दिवसापुढेही "आ".

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? मला तास हवे होते. मला वाटलं, तुम्हाला नकोत." आणि मग म्हणाला, "माझी सही हवी असेल तर खाली करतो. मी घेतले हे खरंच आहे. लपवण्यासारखं काय?"

त्या माणसाला मारावंसं वाटलं. सही केली त्याने, तारखेसकट.

बुधवार, १२ मार्च

पत्र लिहिलं. पाच मसुदे फाडले. पहिल्यात मतदार याद्या होत्या, दुसऱ्यात सरकारी पोर्टल, तिसऱ्यात गुडघा. प्रत्येक मसुद्यात मी बिचारा होतो. शेवटी घैसासची झेरॉक्स समोर ठेवली आणि चार ओळी लिहिल्या. पाचवी ब च्या मैदान तासिकेच्या नोंदवहीतील शहाण्णव नोंदींपैकी अठ्ठ्याऐंशी खोट्या आहेत. त्या दिवशी मुले वर्गात होती. नोंदी मी केल्या आहेत. ऑगस्टमध्ये रेनकोटबद्दल मी जे सांगितले, तेही खोटे होते.

एक प्रत नीरजाबाईंना, एक उत्कर्षाला.

नीरजाबाईंनी वाचलं, दार लावून घेतलं. मला वाटलं, आता सुरू होतील. त्या म्हणाल्या, "प्रत्येक पानावर खाली माझीही सही आहे, रिसबूड. तुम्हाला एकट्याला बुडता येणार नाही." मग पाणी प्यायल्या. "संस्थेला कळवावं लागेल. नोटीस निघेल. तुम्हालाही आणि बहुतेक मलाही." पत्र परत घ्या असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांच्यावर चिडायची तयारी करून गेलो होतो, ती तशीच राहिली.

सोमवार, १७ मार्च

उत्कर्षा आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"पट्टे बरोबर होते," म्हणाली. "पहिला आठवडा. चिठ्ठ्या द्यायच्या आधीचा. तेव्हा कोणी काही केलं नव्हतं. शेवटच्या तासाला तीनशे, रोज तीनशे. मी ते पाहून राहिली होती सर. पण तुमची वही इतकी सुंदर होती, मला वाटलं माझंच मशीन चुकते. मी सहा महिने माझ्या मशीनला शिव्या दिल्या."

मी चहा सांगायला उठलो.

"मला खूप राग आला आहे," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे, नाहीतर बोलली असती." आणि तिचा आवाज फाटला. "ती स्वराली आठ तास मैदानावर गेली, सर. वर्षात आठ. वाघोलीची मुलं रोज जातात, फक्त तिथल्या सरांना लिहायचा कंटाळा आहे."

पहिल्या आठवड्याचे पट्टे, माझं पत्र आणि घैसासची वही, तिन्ही जुळतात, म्हणून आमचा वर्ग अभ्यासात राहणार. मैदानाचा प्रश्न पुढच्या अभ्यासातही राहणार. शाळेचं नाव अहवालात येत नाही. वाहनतळाचा विषय चिटणीसांनी "तूर्तास" पुढे ढकलला. हे सगळं ती दारात उभ्याउभ्या सांगून गेली. चहा घेतला नाही.

बुधवार, २६ मार्च

नोटीस आली. सात दिवसांत खुलासा. नीरजाबाईंनी बोलावून सांगितलं, निर्णय होईपर्यंत वेळापत्रकाप्रमाणे तास घ्यायचे, कुणाला द्यायचे नाहीत. घैसास म्हणाला, "मी मागणारही नाही." मी त्याला म्हटलं, उपकार झाले. तेवढं तरी म्हणून घेतलं.

शेवटच्या तासाला पाचवी ब ला मैदानावर आणलं. गाड्या हलवायला लावल्या, तिघांशी वाद घातला, घसा बसला. मुलं रांगेत आली आणि रांगेतच उभी राहिली. वर्षातल्या त्या आठ तासांनाही मी त्यांना नुसतं मैदानावर सोडून खोलीत आधार कार्डं जुळवत बसलो होतो. मी म्हटलं, "जा, पळा." कुणी हललं नाही. दोघांनी वह्या बरोबर आणल्या होत्या. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून सगळी हळूहळू सरकत जांभळाखाली गेली आणि तिथे ओळीने उभी राहिली. राजसने विचारलं, ह्याचे गुण धरणार का?

मी त्याच्यावर खेकसणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात स्वरालीने हात वर केला. नवा चष्मा नाकावरून घसरत होता. वाटलं, पाणी प्यायला जायचं असेल.

"बोल."

"सर," ती म्हणाली, अगदी अदबीने, "तुम्ही कोणता विषय शिकवता?"

सेहेचाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. कुणी हसलं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "अजून काहीच शिकवलेलं नाही."

"बरं, सर," म्हणाली ती, आणि चष्मा वर सारून पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.